कॅमेरा कोणत्या महिन्यात येतो

माणदेशावरचे माहितीपट एकापाठोपाठ एक पाहिले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. बहुतेकांत उन्हाळाच असतो. भेगाळलेली जमीन, तळ गाठलेली विहीर, हंडा घेऊन निघालेली बाई, चारा छावणीतली दावण आणि शेवटी आभाळाकडे पाहणारा एखादा म्हातारा. एप्रिल-मे महिन्यांत गाडी घेऊन यायचं, दुष्काळ टिपायचा आणि पाऊस लागायच्या आत संकलनाला बसायचं, हा रिवाज पक्का झाला आहे. इथल्या आटपाडी तालुक्यात श्रावणात काय चालतं, परतीच्या पावसाची वाट कशी पाहिली जाते, शाळू कमरेला लागतो तेव्हा रानात कोण असतं, हे पडद्यावर क्वचितच आलं आहे.

उन्हाळा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. सह्याद्रीने अडवून घेतलेल्या पावसाचा उरलासुरला वाटा या मुलखाच्या पदरात पडतो, आणि माणगंगेच्या पात्रात वर्षातले बरेच महिने पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. पण मे महिन्यात गावात सापडतं कोण? धनगरांची मेंढरं दिवाळीनंतर बाहेर पडलेली असतात. कुणी घाट उतरून कोकणात जातं, कुणी कृष्णाकाठच्या काळ्या रानांत. ती मृगाच्या तोंडावर परत येतात. ऊसतोडीला गेलेले कोयते नुकते परतलेले असतात आणि अंगावरची उचल फिटली की राहिली, या हिशेबात असतात. गलाईच्या धंद्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या भट्ट्यांपाशी, कुणी केरळात, कुणी तमिळनाडूत, कुणी थेट उत्तरेत. आभाळाकडे पाहणारा तो म्हातारा घर राखायला मागे ठेवलेला असतो. कॅमेरा त्याला हताश ठरवून मोकळा होतो. घरच्यांनी मात्र त्याच्यावर कोंबड्या, शाळेत जाणारी नातवंडं आणि कुलपाची किल्ली सोपवलेली असते.

वंचित समाजांवर माहितीपट करू पाहणाऱ्या तरुणांसाठी हे पुस्तक आहे. कॅमेरा कोणता घ्यावा, आवाज कसा मुद्रित करावा, पैसा कुठून उभा करावा याविषयी पुढच्या पानांत पुरेसं आहे. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट जरा लांबवून मांडायची आहे. विषय निवडण्याआधी महिना निवडावा लागतो, आणि एका महिन्यावर भागत नाही. उपेक्षितांचं जिणं ऋतूंच्या, हंगामांच्या आणि कर्जाच्या मुदतींच्या चक्रावर चालतं. त्या चक्रातला एकच तुकडा उचलला की माणूस केविलवाणा दिसू लागतो. तो केविलवाणा आहे की नाही, हे त्या तुकड्यावरून ठरत नाही.

थोडा इतिहास. आपल्याकडे वास्तवाचं चित्रण सुरू झालं ते मराठी माणसाच्या हातून. सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली. पुढे दादासाहेब फाळक्यांनी कथापट काढण्याआधी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडीथोडी चित्रित करत नेली आणि ती पडद्यावर सलग उलगडून दाखवली. भांडवल देणाऱ्याला आपली कला पटवायची, एवढाच त्यांचा हेतू होता. तरी रोपापुढे रोज जाऊन बसण्याची जी चिकाटी त्या छोट्या फितीत आहे, ती माणसांवर माहितीपट करणाऱ्या कितीजणांनी दाखवली, हा प्रश्न मला अनेकदा पडतो.

जगात या प्रकाराचा आद्य नमुना म्हणून रॉबर्ट फ्लाहर्टीचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) दाखवला जातो. फ्लाहर्टी उत्तरेकडच्या बर्फात खरोखर राहिला होता, त्याच्या चिकाटीला नावं ठेवता येणार नाहीत. पण इन्युइट शिकारी तोवर बंदूक वापरू लागले होते आणि चित्रपटात त्यांच्या हाती भाला दिला गेला. आत कॅमेरा मावावा आणि उजेड यावा म्हणून बर्फाचं घर अर्धं उघडं बांधलं गेलं. नायकाचं पडद्यावरचं नावही त्याचं स्वतःचं नव्हतं. माणसांना आहेत त्यापेक्षा जुनं करून दाखवण्याची ही खोड तिथून आली आणि अजून टिकून आहे. धनगराच्या खिशातला मोबाइल चित्रीकरणापुरता बाजूला ठेवायला सांगणारे दिग्दर्शक आजही आहेत. घोंगडी चालते, काठी चालते, फोन चालत नाही. खरं तर त्याच फोनवरून तो पुढच्या मुक्कामाचं रान ठरवतो, मेंढरं बसवायचे किती पैसे हे बोलून घेतो आणि कुठल्या बाजारात कोकराला काय भाव आहे ते विचारतो.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली. चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी तिचा लघुपट दाखवणं सक्तीचं होतं. एका पिढीने आदिवासी पाहिला, विणकर पाहिला, धरण पाहिलं ते याच फितींत, बिडी विझवता विझवता. त्यांत चांगलं काम करणारेही होते. पण साचा ठरलेला होता. पडद्यावरची माणसं हालचाल करायची आणि बोलायचं ते निवेदक. ज्यांच्याविषयी चाललं आहे त्यांच्या तोंडून एखादं आख्खं वाक्य यायला पुष्कळ वर्षं जावी लागली.

आता आटपाडीकडे. उपेक्षित माणसाकडे कुठून पाहायचं याचे दोन धडे या एका तालुक्याने मराठीला दिले आहेत, तेही कॅमेऱ्याशिवाय. व्यंकटेश माडगूळकर माडगूळ्याचे, जन्म १९२७ चा. शंकरराव खरात आटपाडीचेच, जन्म १९२१ चा. १९८३ च्या अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माडगूळकर होते आणि पुढच्याच वर्षी जळगावला खरात. दुष्काळी म्हणून हिणवल्या गेलेल्या एका तालुक्याकडे लागोपाठ दोनदा हा मान गेला, याचं कौतुक आटपाडीत अजून ऐकू येतं.

माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ ची. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली ही माणसं त्यात लेखकाच्या ओळखीतली म्हणून येतात. कुणी घरी येणारं, कुणी शाळेतलं. लेखक त्यांच्यापासून हातभर अंतरावर असतो आणि ते अंतर तो लपवत नाही. मदत करावीशी वाटते, करता येत नाही, आणि तो कानकोंडेपणा लेखनात तसाच राहतो. ‘बनगरवाडी’ या त्यांच्या कादंबरीत कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो तेव्हा शाळेत पोरंच नसतात. पोरं मेंढरांमागे आहेत. मग तो थांबतो. ऋतू जातात, वस्ती त्याला हळूहळू आपलं म्हणू लागते, आणि दुष्काळ येतो तो अगदी शेवटी. मला ही रचना फार महत्त्वाची वाटते. वस्ती उठते तेव्हा काय काय उठून गेलं हे वाचकाला कळतं, कारण आधीची भरलेली वस्ती त्याने पाहिलेली असते. उन्हाळ्यातच पोहोचणाऱ्या माहितीपटाला हे साधत नाही. त्याच्याकडे आधीचं काहीच नसतं.

खरातांचं पाहणं निराळं. ‘तराळ अंतराळ’ या १९८१ च्या आत्मचरित्रातला विहिरीचा प्रसंग ज्यांनी वाचला त्यांच्या तो लक्षात राहिला आहे. विहिरीत प्रेत तरंगतं आहे, वडिलांकडे गावकीची पाळी आहे, पोलीस त्यांनाच खाली उतरायला लावतात, आणि काठावर त्यांचा शाळकरी मुलगा उभा आहे. हा प्रसंग चित्रित करायचा झाला तर कॅमेरा कुठे ठेवाल? नव्या मुलांशी बोलताना मी हा प्रश्न हमखास टाकतो. बहुतेकजण कॅमेरा विहिरीत उतरवतात. पाणी, प्रेत, कपारी, भीती, सगळं तिथे आहे. थोडेजण पोलिसांच्या बुटांपासून सुरुवात करतात. प्रसंगाचं सगळं वजन मात्र काठावरच्या पोराच्या नजरेत आहे. बापाला हुकूम सोडला जातो आहे आणि ते पाहणारा शिकतो आहे, पुढे वकील होणार आहे, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होणार आहे. तराळकीचं काम वर्षाचे बाराही महिने होतं. दवंडी द्यायची, सांगावा पोहोचवायचा, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं. एका दिवसाच्या चित्रीकरणात यातलं एखादंच सापडेल, आणि जे सापडेल ते हमखास सगळ्यांत भडक असेल.

आटपाडीजवळच सिनेमाशी थेट नातं असलेली एक जागा आहे, स्वतंत्रपूर. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले, भारतानंद म्हणवून घेणारे मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने १९३९ मध्ये इथे भिंतींशिवायचा तुरुंग सुरू झाला. गंभीर गुन्ह्यांतले कैदी इथे शेती करत आणि बायकामुलांसह राहत. याच प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ निघाला. कथा ग. दि. माडगूळकरांची, दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, साल १९५७. पुढल्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. चित्रपट मोठा आहे यात वाद नाही. पण त्याच्या मध्यभागी उभा राहिला तो तुरुंगाधिकारी. कैदी सहा, आणि त्यांना माणसात आणणारा एक साधुपुरुष. स्वतंत्रपूरचं खरं वेगळेपण कुटुंबांत होतं. नवऱ्याच्या शिक्षेत सामील होऊन या माळावर संसार मांडणाऱ्या बायका, कैद्याचं पोर म्हणून वाढणारी मुलं. ती चित्रपटाच्या मध्यभागी नाहीत. कथापटाला एक नायक पुरतो, त्याला मी दोष देणार नाही. मात्र स्वतंत्रपूरवर उद्या कुणी माहितीपट करायला निघालं तर त्याने शांतारामांचा चित्रपट विसरून जावं आणि आधी त्या घरांच्या चुलींपाशी जाऊन बसावं.

बसणं म्हणजे काय, हे ज्याच्याकडून शिकावं असा माणूस परदेशातून आला होता. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोनथायमर. धनगरांच्या ओव्या, त्यांचे देव, त्यांच्या वाटा यांचा पाठपुरावा त्यांनी १९९२ मध्ये निधन होईपर्यंत सोडला नाही. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. पंढरीच्या वारीवरचा माहितीपट त्यांनी हेनिंग श्टेगम्युलर यांच्यासोबत केला. पण माझ्या लेखी त्यांची मोठी गोष्ट वेगळी आहे. सुंबरान मांडलं की ओवी रात्ररात्र चालते, आणि हा माणूस ध्वनिमुद्रक लावून ती संपेपर्यंत बसायचा. मधली तेवढी ‘चांगली’ दहा मिनिटं कापून नेण्याची घाई त्यांना नव्हती. म्हणूनच त्या ध्वनिमुद्रणांतल्या दोन दीर्घ कथा त्यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी, २०१४ मध्ये, अ‍ॅन फेल्डहाउस, रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांना ग्रंथरूपात आणता आल्या. आजच्या माहितीपटांत ओवी पार्श्वसंगीत म्हणून येते. ढोलाचे चार ठोके, भंडाऱ्याची एक उधळण, की पुढचं दृश्य. गाणारा काय सांगतो आहे, देव मेंढरांच्या वाड्यावर कसा आला, कोणाशी भांडला, कुठे बसला, हे कळायच्या आतच आवाज खाली घेतलेला असतो.

जात्यावरच्या ओव्यांचं काम याच जातीचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून सुमारे एक लाख ओव्या जमवल्या. ओवीपाशी ती गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. पी. साईनाथ यांच्या ‘परी’ या संकेतस्थळावर त्या आता गाणाऱ्या बायकांच्या छायाचित्रांसह आणि चित्रफितींसह ऐकता येतात. नाव लिहून ठेवणं ही बारीकशी बाब वाटेल. पण श्रेयनामावलीत ‘आणि समस्त ग्रामस्थ’ अशी एक ओळ टाकून हात झटकणारे माहितीपट किती निघतात ते मोजून पाहा.

शहरी कामांत आनंद पटवर्धनांचं ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) अशाच थांबून राहण्यासाठी आठवतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहाजण मारले गेले, आणि काही दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पटवर्धनांच्या आधीच्या ‘बॉम्बे अवर सिटी’त घोगरे गायले होते, म्हणजे ओळख जुनी होती. त्या ओळखीने दिग्दर्शकाला चौदा वर्षं कामाला लावलं. त्या चौदा वर्षांत खटला रेंगाळतो, माणसं पक्ष बदलतात, पोरं मोठी होतात, नवे शाहीर उभे राहतात. गोळीबारानंतर महिन्याभरात केलेला चित्रपट संतापाचा झाला असता आणि खराही असता. पण त्या संतापाचं पुढे काय झालं, हे त्यात आलं नसतं. चित्रपट मुंबईच्या वस्त्यांमध्ये मोकळ्या पटांगणांत दाखवला गेला. लोक तीन तास बसून होते.

संमतीविषयी पुस्तकात एक स्वतंत्र लेख आहे. त्याला पुरवणी म्हणून थोडं. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा, ही आता सर्वमान्य पद्धत आहे. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांची पिढ्यान् पिढ्या हजेरी घेतली गेली, त्या कैकाडी, पारधी, मांग-गारुडी माणसांना कागद आणि अंगठा म्हणजे काय ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्या समाजातली माणसं सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहिली आहेत. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या पालांवर जातात, हे त्या दिवसापासून बदललं असं म्हणता येत नाही. खरातांनी ‘तडीपार’मधून या समाजांची दुनिया मराठी कथेत आणली तीही कायदा रद्द झाल्यानंतरच. अशा पालावर चेहरा टिपणारं यंत्र घेऊन जाणारा माणूस आधी सरकारी वाटतो, मग पत्रकार, आणि फार उशिरा पाहुणा. गुजरातेत छारा समाजातल्या दक्षिण बजरंगे यांनी स्वतःच कॅमेरा हाती घेतला, नाटक आणि माहितीपट दोन्ही केले. आपल्याकडे नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ने आणि ‘फँड्री’ने कथापटात ती वाट दाखवली. माहितीपटात मात्र आतून आलेले हात अजून कमी आहेत.

पैशाचं कुणी उघड बोलत नाही. ज्याच्यावर चित्रपट करायचा त्याला पैसे दिले तर तो आपल्याला हवं तेच बोलेल, असं शहाणे लोक सांगतात. मला हे पटत नाही. ऊसतोडीच्या फडात एका जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, तुम्ही अर्धा दिवस बोलतं ठेवलंत तर तेवढ्या मोळ्या कमी बांधल्या जातात, गाडी उशिरा भरते आणि मुकादमाच्या वहीत ते त्यांच्या नावावर पडतं. तो खर्च चित्रपटाचा आहे. प्रकाशयंत्राचं भाडं आपण देतो, चालकाचा भत्ता देतो, आणि ज्याच्या जिवावर चित्रपट उभा आहे त्याचीच मजुरी बुडवतो, याला तत्त्व म्हणणं सोयीचं आहे एवढंच. रक्कम आधी ठरवावी, सगळ्यांसमोर द्यावी, आणि काय बोलायचं ते त्याच्यावर सोडावं.

पाण्याविषयीही एक राहिलं. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरत आल्या. मागणी नुसत्या पाण्याची नव्हती. ते सगळ्यांना समान मिळावं आणि भूमिहीनांचाही त्यावर हक्क असावा, ही त्या चळवळीची मांडणी. पुढे टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी उचलून या बाजूला आलं. डाळिंबाच्या बागा दिसतात, काही शिवारांत ऊसही. तरी बाहेरून येणारा कॅमेरा त्याच भेगाळलेल्या शेताच्या शोधात फिरतो, कारण दुष्काळी माणदेश हे त्याच्या मनातलं चित्र आधीच पक्कं आहे. पाणी आल्यावरची गोष्ट खरं तर जास्त गुंतागुंतीची आहे. कुणाच्या बांधापर्यंत आलं? ज्याला जमीनच नाही त्याला काय मिळालं? बागायत झालेल्या शिवारात मेंढरं कुठे चारायची? कुंपण पडलं की धनगराची वाट वळते, आणि ही वळलेली वाट कोणत्याही उन्हाळी चित्रात दिसायची नाही. ती पाहायला कार्तिकात त्याच्यामागे निघावं लागेल.

नव्या मुलांना आणखी एक अडचण आहे, जी आमच्या पिढीला नव्हती. आज ज्यांच्यावर चित्रपट करायचा ते स्वतःच चित्रीकरण करतात. गजीनृत्याचे, आरेवाडीच्या यात्रेचे, खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडांचे, वाडा हलतानाचे कितीतरी व्हिडिओ धनगर पोरं स्वतः टाकतात, आणि काहींना आपल्या कुठल्याही महोत्सवी माहितीपटापेक्षा जास्त प्रेक्षक मिळतात. त्यात रडगाणं जवळजवळ नसतं. अभिमान असतो, थट्टा असते, जनावराचं कौतुक असतं. बाहेरून गेलेल्या दिग्दर्शकाने आधी हे सगळं पाहून घ्यावं. लोक स्वतःला कसं दाखवू इच्छितात याचा तो चालू पुरावा आहे. काय दाखवत नाहीत, हेही त्यातून कळतं. कर्ज, कोकणातल्या मुक्कामी झालेली मारहाण, शाळा सुटलेली मुलगी. या गोष्टी कॅमेऱ्यासमोर आणायच्या की नाही, हे ठरवायला त्यांच्यासोबत किमान एक पावसाळा आणि एक सुगी काढलेली असावी.

आणि केलेला चित्रपट त्यांना दाखवायचा तर तोही हिशेब लावूनच. मे महिन्याच्या शेवटी आटपाडीत पडदा लावलात तर समोर बसणारे बहुतेक बाजारपेठेतले असतील. खरसुंडीच्या यात्रा दोन, चैत्री आणि पौषी. मेंढक्यांसाठी त्यातली एकही सोयीची नाही, कारण तेव्हा बरेच वाडे बाहेर असतात. पाऊस पडून मेंढरं परतली, की आषाढापासून दसऱ्यापर्यंतचा काळ बरा. पण त्या दिवसांत उघड्यावर पडदा लावणं म्हणजे पावसाशी जुगार. तेव्हा देवळाचा मंडप किंवा शाळेचा वर्ग आधी बोलून ठेवावा.